घरची कागदपत्रं एन्क्रिप्ट करताना – प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

लॅपटॉपचं चार्जिंग बंद पडलंय. दुकानवाला म्हणतो बोर्डवर काम आहे, चार-पाच दिवस मशीन ठेवून जा आणि पासवर्ड पण द्या म्हणजे चालू करून बघता येईल. त्याचं म्हणणं बरोबरच आहे, चालू केल्याशिवाय तो टेस्ट तरी कसं करणार. पण या एका मशीनमध्ये घरातल्या चौघांची आधार, पॅन, बाबांची पेन्शनची कागदं, आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, शेताचे सात-बारा आणि फेरफारचे स्कॅन, दादाच्या फ्लॅटचा करारनामा, सगळ्यांची रिटर्नं, असं सगळं एका जागी पडलंय. ते उघडं ठेवून मशीन कुणाच्या हातात द्यायचं नाही एवढं नक्की केलंय, म्हणून आधी सगळं एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलायचं. दुकानवाला तसा ओळखीचा आहे, पण त्याच्याकडे कामाला दर सहा महिन्यांनी नवीन पोरगा असतो, आणि हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की विंडोजचा लॉगिन पासवर्ड काही अडवत नाही. लॉगिनचा पासवर्ड फक्त दारात विचारतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तिच्यावर डेटा जसाच्या तसा लिहिलेला असतो. हे बऱ्याच लोकांना अजून माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.

दुकानवाल्याला म्हटलं पंधरा-वीस दिवसांनी आणते. तोपर्यंत चार्जरची पिन एका कोनात धरली की चालतंय.

या नोंदी माझ्यासाठी आणि घरच्यांसाठी. काय केलं आणि का केलं दोन्ही लिहीन, कारण सहा महिन्यांनी "का" विसरायला होतं.

३ जून

आज फक्त शोधाशोध. कुठे कुठे काय आहे ते बघितलं. डाउनलोड्स फोल्डर हा खरा प्रश्न आहे. ई-आधारच्या एकाच माणसाच्या कितीतरी प्रती, प्रत्येक वेळी लागलं की नवीन डाउनलोड झालेल्या. मग व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप, त्यात आलेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये. मेलचे अटॅचमेंट तिसरीकडे. डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर" नावाचे फोल्डर. बाबांनी पेनड्राइव्हवर घेतलेलं वेगळंच.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून बाबा निर्धास्त होते. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. फाइलच्या नावातच माणसाचं नाव असेल आणि वय साधारण माहीत असेल तर पाच-दहा प्रयत्नांत उघडेल. रिटर्नच्या पीडीएफला लहान लिपीत पॅन नंबर आणि जन्मतारीख, आणि तो पॅन त्याच फोल्डरमध्ये पॅन कार्डच्या फोटोवर छापलेला! हे पासवर्ड फाइल चुकून भलत्याला मेल झाली तर थोडा आडोसा म्हणून ठीक आहेत, मशीनच दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर उपयोग शून्य. बाबांना हे बसून दाखवलं, तेव्हा त्यांना पटलं.

जाता जाता, लॉजवर वगैरे द्यायला मास्क केलेलं आधार डाउनलोड करून वेगळं ठेवलं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. घरच्या सगळ्यांना सांगितलंय की बाहेर द्यायला तेच वापरा.

५ जून

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर रात्री दादाशी फोन झाला. त्याचं म्हणणं सेव्हन-झिपने पासवर्ड लावून झिप कर, संपलं. सेव्हन-झिप वाईट नाही, त्याच्या सेव्हन-झेड फॉरमॅटला एईएस २५६ ही एन्क्रिप्शनची भक्कम पद्धत आहे आणि फाइलची नावं लपवायचा पर्याय पण आहे, तो टिक करावा लागतो, नाहीतर आतली नावं कुणालाही दिसतात. "आईचा बायोप्सी रिपोर्ट" असं नाव दिसलं तरी जे कळायचं ते कळलंच ना. आणि साध्या झिपमध्ये झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत निवडली गेली तर ती १९९४ मध्येच फोडून दाखवलीय. पण माझी मुख्य अडचण वेगळी आहे. झिपमधली फाइल बघायला उघडली की ती आधी टेंप म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये उघडी लिहिली जाते, मग ती तिथे राहते की जाते हे आपल्या हातात राहत नाही. एखादं पार्सल पाठवायला झिप ठीक, रोजच्या वापराला नाही.

व्हेराक्रिप्ट घ्यायचं ठरवलं. एक मोठी फाइल बनते, पासवर्ड दिला की ती वेगळी ड्राइव्ह म्हणून दिसते, त्यात नेहमीसारखं काम करायचं, डिसमाउंट केलं, म्हणजे ती ड्राइव्ह बंद केली, की परत एक अगम्य फाइल. वाचताना-लिहिताना जे उलगडणं होतं ते मेमरीत होतं, डिस्कवर उलगडलेलं काही ते स्वतः लिहीत नाही.

विश्वास का ठेवायचा हा दादाचा प्रश्न रास्त होता, फुकट सॉफ्टवेअर आहे म्हणून तो साशंक होता. याच्या आधी ट्रूक्रिप्ट होतं, २००४ पासूनचं, जगभर वापरलं जायचं आणि बनवणारे कोण हे त्यांनी कधी उघड केलं नाही. २८ मे २०१४ ला त्यांच्या साइटवर अचानक सूचना आली की हे वापरणं सुरक्षित नाही, दुरुस्त न झालेले दोष असू शकतात, दुसरं काहीतरी वापरा. बस, तिथेच काम थांबलं. तोपर्यंत मॅथ्यू ग्रीन आणि केनेथ व्हाइट यांनी लोकांकडून पैसे गोळा करून त्याचं ऑडिट, म्हणजे कोडची तपासणी, सुरू केलेलं होतं, ते त्यांनी अर्ध्यात सोडलं नाही, २०१५ मध्ये पूर्ण केलं आणि मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली नाही. व्हेराक्रिप्ट हे त्याच कोडवरून २०१३ मध्ये फ्रान्समधून मुनीर इद्रासी यांनी सुरू केलेलं. त्याचं पण २०१६ मध्ये वेगळं ऑडिट झालं, त्यात गंभीर दोष सापडले आणि बरेचसे लगेच पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केले. माझ्या लेखी दोष सापडले ही जमेची बाजू आहे, कुणीतरी खरंच आत शिरून बघितलं. दादाला हे पटलं, निदान त्याने विषय वाढवला नाही.

८ जून

आजचा दिवस पासवर्डचा. सगळ्यात जास्त वेळ यावर घालवायचा हे आधीच ठरवलेलं, कारण एईएस फोडायच्या भानगडीत कोणी पडत नाही, सगळे पासवर्डवर येतात. घरच्यांची नावं, गाडीचा नंबर, कुलदैवत, ॲट द रेट आणि १२३, हे सगळं अंदाज लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत आधीपासून असतं.

फासे टाकून शब्द निवडायची डाइसवेअर म्हणून जुनी पद्धत आहे, आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली. इंग्रजी यादीत ७,७७६ शब्द असतात, म्हणजे पाच फाशांच्या जेवढ्या जोड्या होतात तेवढे. पण आई-बाबांच्या लक्षात ते इंग्रजी शब्द राहणार नाहीत. म्हणून मी चार फाशांपुरती, १,२९६ शब्दांची मराठी यादी बनवायला घेतली होती, गेले काही दिवस आई भाजी निवडताना शब्द सांगायची आणि मी टाइप करायचे. टोपली, खुरपं, पदर, उखळ, मोट, चाळण, कंदील. आज ती पुरी झाली.

टाइप रोमन अक्षरातच करायचं. व्हेराक्रिप्ट देवनागरी पासवर्ड घेतं खरं, पण मर्यादा १२८ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. शिवाय दुसऱ्याच्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसेल तर काय? रोमनमध्ये दुसरी अडचण, वीट लिहिताना व्ही की डब्ल्यू, एक ई की दोन, आई एक लिहिणार बाबा दुसरं. असे सगळे शब्द यादीतून काढले, ज्याचं स्पेलिंग घरातले तिघंही न विचारता एकच करतात तेवढेच ठेवले. त्यामुळे यादी बनवायला वाटलं त्यापेक्षा खूप वेळ गेला पण हे काम करण्यासारखं होतं.

सात शब्द फाशांनी काढले. १,२९६ शब्दांतून सात म्हणजे साधारण ७२ बिट. कुणी सेकंदाला १० लाख अंदाज लावले तरी सगळ्या जोड्या संपवायला १९ कोटी वर्षं लागतील, आणि व्हेराक्रिप्ट प्रत्येक अंदाजाला मुद्दाम ५ लाख फेऱ्या करायला लावतं त्यामुळे सेकंदाला १० लाख हाच आकडा भलता उदार आहे. आलेले शब्द आवडले नाहीत म्हणून परत फासे टाकायचे नाहीत, हा नियम पाळला. आईने त्या सात शब्दांची एक ओळ जुळवून टाकली आणि संध्याकाळपर्यंत तिला पाठ झाली.

१० जून

कंटेनर, म्हणजे व्हेराक्रिप्टची ती एक मोठी फाइल, बनवला. एन्क्रिप्शनला एईएस, पासवर्डपासून चावी बनवायला एसएचए-५१२, जे आधीपासून निवडलेलं येतं तेच. आत तीन-तीन अल्गोरिदम एकावर एक चढवायचा पर्याय आहे, पण बेंचमार्क (वेगाची चाचणी) लावून बघितलं तर एईएस बाकीच्यांच्या कितीतरी पुढे, कारण प्रोसेसरमध्येच त्याची सोय असते. तीन थर लावून उगाच मशीन हळू करण्यात अर्थ वाटला नाही. फाइल सिस्टीम एक्सफॅट, कारण दादाकडे मॅक आहे आणि मॅक विंडोजच्या एनटीएफएसवर आपणहून लिहीत नाही, आणि फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, लग्नाचे व्हिडिओ पुढे-मागे टाकायचे झाले तर अडेल.

छुपा व्हॉल्यूम नाही केला. त्यात एकाच फाइलमध्ये दोन पासवर्डांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी उघडतात, दबाव आणून पासवर्ड काढून घेतला जाईल अशा माणसांसाठी ते आहे. आपल्या घरात कुणीतरी बाहेरचा व्हॉल्यूम भरत सुटेल आणि आतला पुसला जाईल याचीच शक्यता जास्त.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी बदलल्या. मशीन झोपलं किंवा स्क्रीन लॉक झाली की आपोआप डिसमाउंट, आणि काही वेळ काही वाचलं-लिहिलं नाही तरी डिसमाउंट. विंडोजचं फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेट दोन्ही बंद केले, कारण हायबरनेट होताना मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहिली जाते आणि त्या वेळी कंटेनर उघडा असेल तर चावी पण त्यात जाते.

१२ जून

मोडतोडीचा दिवस. खरी कागदं आत टाकायच्या आधी हे बघायचंच होतं. छोटा ५० एमबीचा कंटेनर केला, त्यात बिनकामाचे फोटो टाकले आणि हेक्स एडिटरने (फाइलचे बाइट थेट बदलायचा प्रोग्रॅम) सुरुवातीचे १२८ केबी शून्य करून टाकले. तिथे हेडर असतो आणि खरी चावी त्यात असते, आपला पासवर्ड फक्त तो हेडर उघडतो. आता हेडर गेला म्हणजे पासवर्ड बरोबर असून काही नाही. मग टूल्समधून रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर केलं, फाइलच्या शेवटी त्याची दुसरी प्रत असते ती वापरली, आणि सगळे फोटो परत आले. फार बरं वाटलं. हेडरचा वेगळा बॅकअप पण काढून ठेवला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट नीट समजून घेतली. पासवर्ड बदलला तरी आतला डेटा नव्याने एन्क्रिप्ट होत नाही, खरी चावी तीच राहते, फक्त हेडर बदलतो. म्हणजे ज्याच्याकडे जुना हेडर बॅकअप आणि जुना पासवर्ड आहे तो पासवर्ड बदलल्यावरही उघडू शकतो. पासवर्ड बाहेर फुटला असा संशय आला तर पासवर्ड बदलून भागणार नाही, नवीन कंटेनर बनवून फाइल्स त्यात हलवायच्या आणि जुना नष्ट करायचा. हेच बॅकअपला पण लागू, बॅकअपच्या डिस्कवर कंटेनर कॉपी न करता नवीन बनवायचा आणि आत फाइल्स कॉपी करायच्या.

दुसरी चाचणी, फाइलच्या मधले काही बाइट बदलले. कंटेनर काही तक्रार न करता उघडला, एक फोटो मात्र अर्धा खराब. म्हणजे हे लपवतं चांगलं पण आत काही बिघडलं तर सांगत नाही. म्हणून बॅकअप दोन ठिकाणी आणि महत्त्वाच्या फाइल्सचे चेकसम (फाइल बदलली का ते कळायला तिच्यावरून काढलेला आकडा) काढून त्याच्या आतच एका टेक्स्ट फाइलमध्ये.

१५ जून

सगळी कागदं आत हलवली. मग बाहेरच्या जुन्या प्रती पुसायचं काम, आणि खरं कटकटीचं हेच. डाउनलोड्स, टेंप, व्हॉट्सॲप, रीसायकल बिन, फाइल हिस्टरी आणि शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती), थंबनेलची कॅशे (पॅन कार्डचा छोटा फोटो त्यात पण राहतो), सर्चचा इंडेक्स, ज्यात कागदातले शब्द पण साठलेले असतात. एकेक करून सगळं साफ केलं, इंडेक्स नव्याने बांधायला लावला.

पण लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. जुन्या हार्ड डिस्कवर त्याच जागी दुसरं काहीतरी लिहून फाइल नक्की पुसता यायची, एसएसडीत कुठल्या जागी लिहायचं हे आतला कंट्रोलर ठरवतो, झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तो जागा बदलत राहतो, म्हणजे आपण "पाच वेळा पुसून टाका" असं सॉफ्टवेअर चालवलं तरी जुना तुकडा कुठेतरी शिल्लक असू शकतो. म्हणून नुसता कंटेनर पुरत नाही, पूर्ण डिस्क पण एन्क्रिप्ट पाहिजे. नवीन मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, पहिल्या दिवशी, एकही फाइल टाकायच्या आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, नंतर पुसापुशी करत बसायला लागत नाही.

१७ जून

विंडोज होम आहे, त्यात पूर्ण बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्ट करायचं साधन) मिळत नाही, तो प्रो पासून पुढे. पण होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने त्याचंच साधं रूप आहे, ते चालू केलं. याची रिकव्हरी की, म्हणजे अडलं तर डिस्क उघडायची चावी, ४८ आकड्यांची असते आणि ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ती तिथून काढून कागदावर छापली, दोन प्रती.

हा कागद किती मोलाचा ते १९ जुलै २०२४ ला जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका खराब अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती म्हटली तर एक फाइल उडवायची एवढीच, पण ज्या मशीनची डिस्क बिटलॉकरने बंद होती त्या प्रत्येकाची ती ४८ आकडी की आधी शोधावी लागली.

दोन्ही थर का ते एकदा लिहून ठेवते. डिस्कचं एन्क्रिप्शन मशीन बंद असताना उपयोगी, डिस्क काढून नेली, लॅपटॉप एसटीत चोरीला गेला तर. मशीन चालू होऊन लॉगिन झालं की ते उघडलेलंच असतं. दुकानात मशीन चालू असणार आहे, तिथे कंटेनर उपयोगी. दुकानासाठी वेगळं साधं खातं बनवलं, ॲडमिन नसलेलं, त्याचाच पासवर्ड देणार.

लॅपटॉप देऊन आले.

२३ जून

दुकानातून फोन, बोर्ड बदलला पण निळी स्क्रीन येऊन कसलीतरी की मागतोय, फॉरमॅट मारू का. नाही म्हणून सांगितलं आणि कागद घेऊन गेले. नवीन बोर्ड म्हणजे त्यावरची टीपीएम चिप नवीन, जुन्या चिपमध्ये डिस्कची चावी होती, त्यामुळे हे होणारच होतं. ४८ आकडे टाकले, मशीन चालू. तिथला मुलगा शांतपणे बघत होता, मग म्हणाला ताई असे किती लॅपटॉप येतात आमच्याकडे, लोकांना हे चालू आहे हेच माहीत नसतं, मग सगळं उडवावं लागतं. ते ऐकून वाईट वाटलं. नवीन विंडोज ११ मध्ये हे बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, त्यामुळे आज घरी जाऊन आपली की कुठे आहे ते प्रत्येकाने बघावं.

२८ जून

माझ्यासाठी या सगळ्यातला सगळ्यात मोठा दिवस. मला काही झालं तर हे कोण उघडणार? चोरापासून वाचवता वाचवता घरच्यांनाच कायमचं बाहेर ठेवलं तर काय मिळवलं. बाबांच्या पेन्शनचं किंवा आईच्या ऑपरेशनचं कागद कधी रात्री-अपरात्री लागेल सांगता येत नाही.

एक पानाचा कागद मराठीत लिहिला होता, सात शब्द, फाइल कुठे आहे, काय दाबायचं. तो आणि बॅकअपची डिस्क वहिनींकडे दिली, त्या आठवडाभर इकडे आल्यात. दादाकडून मुद्दाम करून घेतलं नाही, तो कागद न वाचताच खटपट करून उघडेल. वहिनींना म्हटलं, तुम्ही एकट्याने तुमच्या विंडोजच्या लॅपटॉपवर करा, मी काही बोलणार नाही.

वहिनी अडल्या. व्हेराक्रिप्ट टाकून झालं, फाइल निवडली, मग म्हणाल्या, "अगं इथे ड्राइव्हचं अक्षर निवड म्हणतंय, तुझ्या कागदात नाहीये." मग पासवर्डखाली पीआयएम म्हणून चौकट आली, त्यात काय भरायचं तेही लिहिलं नव्हतं. ती रिकामी ठेवायची. सात शब्दांच्या मध्ये जागा सोडायची की नाही, हेही कागदावरून कळत नव्हतं. पण उघडलं! वहिनींनी आत जाऊन आईचा रिपोर्ट शोधून दाखवला.

कागद परत लिहिला, वहिनींनीच, त्यांच्या शब्दात. "सगळी अक्षरं लहान, दोन शब्दांमध्ये एक जागा, पीआयएमची चौकट रिकामी." एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, एक वहिनी घेऊन जाणार. बॅकअपची डिस्क आणि कागद एका घरात ठेवायचे नाहीत हे पण त्यांनीच सुचवलं, म्हणून डिस्क इथे राहील आणि दुसरी डिस्क आत्याकडे.

६ जुलै

दादाला काही कागदं सारखी लागतात म्हणून क्लाउडवर ठेवायची होती. कंटेनर तिथे टाकणं जमत नाही, एक अक्षर बदललं तरी बऱ्याच सेवा पूर्ण फाइल परत चढवतात, आणि व्हेराक्रिप्ट कंटेनरची बदललेली तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं त्यामुळे सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला कधी कधी कळतच नाही. यासाठी क्रिप्टोमेटर घेतलं, जर्मनीतलं आहे, कोड उघडा आहे. हे प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं, नावासकट, आणि कुणी बाहेरून फाइल बदलली तर ती उघडायलाच नकार देतं. फाइल्स किती आणि साधारण केवढ्या हे मात्र क्लाउडवाल्याला दिसतं, ते मला चालतंय. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइड ॲपचे पैसे पडतात.

पासवर्ड वेगळा, परत फासे टाकून, आणि हा फक्त दादाला आणि मला. यात शेतीचे आणि फ्लॅटचेच कागद. आईचे रिपोर्ट क्लाउडवर नको असं ती म्हणाली, तिचे कागद आहेत, तिचं ऐकलं.

बाकी राहिलेलं: बाबांचा पेनड्राइव्ह अजून तसाच आहे, तो रिकामा करून त्यावर छोटा कंटेनर करायचा. फोनमधले स्कॅन. आत्याकडची डिस्क दिवाळीत आणून चेकसम ताडून बघायचे, आणि त्या वेळी उघडायचं काम बाबांनी करायचं, कागद बघून.